भोक

बेबीनंदा सिस्टर रिटायर झाली
त्याच साली मिशनचा दवाखानाही मिटला.
कुलूप लावायला आलेल्यांनी विचारलं, काय नेता?
खाट नको म्हणाली, औषधांचं कपाट नको म्हणाली.
स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली बरणी मागितली.

मे महिन्यात ती ऑटोतून आमच्या दारात उतरली,
बरणी मांडीवर, जुन्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळलेली,
वॉर्डातून बाळंतीण घरी पोचवावी तशी.
मी भट्टीची राख चाळत होते.
सासरा, उरकुडा, चाकाला टेकून बिडी शोधत होता.

बरणी फ्रान्सची. पोटाला गोल, गळ्याशी दोन कान.
वरचा अर्धा पिकल्या टेंभुरणीसारखा पिवळा, चकचकीत,
खालची माती कोरडी, उघडी,
जशी कुणी हळद लावता लावता
अर्ध्यावरून उठून गेली.

सिस्टर म्हणाली, क्लोतिल्द माय सांगायची,
तिच्या आईच्या तळघरात अशा सात बरण्या असत,
कमरेपर्यंत गार मातीत पुरलेल्या.
बदकाचं मटण त्याच्याच चरबीत बुडवून ठेवायचं,
की हिवाळा निघतो.
"म्हनून खालून झिलई नाही," सासरा म्हणाला.
"जे मातीत जाते, त्याले कोन सजवते?"

इकडे आल्यावर तिच्यात बदक कुठलं.
आधी चिंच होती. मग मीठ.
हगवणीच्या साथीत ब्लीचिंग पावडर.
आणि मागची अकरा वर्षं काहीच नाही,
एकदा एक कोंबडी तेवढी अंडं घालून गेली.

"गवती चहा लावाचा हाय तिच्यात.
खाली भोक पाडून दे, उरकुडा."

बिडी हातातच राहिली.
"भोक?
सिस्टर, साठ वरीस झाले,
मी गयतं मडकं बाजारात नेलं नाही."

तरी त्यानं बरणी उलटी केली.
बुडाच्या कडेला चार डाग होते, ओळीनं,
आणि समोरच्या बाजूला एक.
झिलईत बुडवताना कुणी तरी धरली होती तिला.
त्यानं आपली बोटं त्या डागांवर ठेवली.
बसेनात. त्याची जाड, ते डाग बारीक.
"बाई होती," तो म्हणाला. "नाही तर पोरगं.
घाईत होतं."
मग बराच वेळ बोट काढलंच नाही.

खिळा आणला, ओली चिंधी आणली.
ठोकायचं नाही, फिरवायचं.
मी पाणी सोडत होते थेंब थेंब,
तो फिरवत होता, डोळे मिटून,
कानानं माती ऐकत.
दुपार झाली, शाळेतली पोरं येऊन बघून गेली,
सिस्टरनं दोनदा त्याचा बीपी तपासतो म्हटलं.
लालसर पीठ निघत होतं.
त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवलं.
"आपल्यापेक्षा चिकन हाय," थुंकून म्हणाला.
कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही.

पैसे म्हणून वीस रुपये घेतले, घासाघीस न करता.
तिथंच अंगणात आम्ही बरणी भरली,
विटांचे तुकडे, शेणखत, तळ्यातला गाळ,
वर गवती चहाचं बेट, पानं कात्रीनं आखूड केलेली.
सिस्टरनं तांब्या ओतला.

थोडा वेळ काही नाही.
मग बुडाशी ओल दिसली, मग धार,
आणि माझा सासरा वाकून
तळहात लावून बसला भोकाला,
आपलं भांडं फुटल्यासारखा.

"उरकुडा, ते गळायलाच पाहिजे ना."

"ठाव हाय मले," तो म्हणाला.
हात तसाच.